निराधारचे पैसे बंद होतील, म्हणून नोकरी सोडायची का?

"मॅडम, नोकरी धरली की निराधारचे पैसे बंद. उद्या नोकरीच गेली तर?" एकट्या बायका हा प्रश्न नेहमी विचारतात. त्यांना आळशी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. संजय गांधी निराधार योजनेचे महिना १,५०० रुपये सुरू व्हायला उत्पन्नाचा दाखला, तहसीलचे हेलपाटे, बँकेत आधार जोडणं हे सगळं या बायकांनी एकटीने निस्तरलेलं असतं.

अशाच एक ताई आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) नवरा वारलेला, दोन मुलं शाळेत. दवाखान्यात ठेकेदारामार्फत साफसफाईचं काम मिळत होतं, पगार १४,०००. दिरांचा सल्ला असा, "पगार रोखीत घे, कामाच्या नोंदीत नाव लावू नको. दोन्हीकडून येत राहील."

योजनेची उत्पन्नमर्यादा वर्षाला २१,०००, म्हणजे महिन्याला पावणेदोन हजार. कुठलीही धड नोकरी धरली की हे पैसे जाणारच. लपवले, तर वसुलीची टांगती तलवार. पण मला जास्त खुपलं ते वेगळंच. नाव लागलं नाही, तर पीएफ (भविष्य निर्वाह निधी) नाही, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) नाही.

मग आम्ही वहीत हिशेब मांडला. पीएफचे १२ टक्के म्हणजे १,६८०, ईएसआयचे १०५. हातात १२,२१५. मालकाचाही पीएफमध्ये वाटा. ईएसआयमुळे ताईंसोबत मुलांच्याही उपचारांची सोय. दुसऱ्या बाजूला रिक्षा-बसचं भाडं आणि धाकट्याला शाळेनंतर सांभाळणाऱ्या शेजारणीचे पैसे. स्वस्त रेशनच्या प्राधान्य यादीतून नावही पुढे कमी होऊ शकतं, शहरात उत्पन्नमर्यादा वर्षाला ५९,००० आहे. हेही मी त्यांना स्पष्ट सांगितलं. सगळं वजा करूनही नोकरी बरीच वर राहत होती.

तरी ताई गप्पच. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "ते दीड हजारच तेवढे माझ्या नावावर येतात." नवऱ्यामागे घरात त्यांचं वजन त्या पैशांवर टिकून होतं. हे समजल्यावर बोलणं सोपं झालं, कारण पगारही त्यांच्याच खात्यावर येणार होता.

नोकरी गेली आणि उत्पन्न पुन्हा मर्यादेत आलं, तर नव्याने अर्ज करता येतो. म्हणून मृत्यूचा दाखला, रहिवासी पुरावा, मंजुरीचं पत्र एका पिशवीत ठेवायला सांगितलं. खरी अडचण पहिल्या पगारापर्यंतच्या पाच-सहा आठवड्यांची होती. त्यासाठी बचत गटातून कर्ज घेतलं. नोकरी लागल्याचं तहसीलला लेखी कळवलं आणि पोच घेतली.

पुढे पगारातून पीएफ कापला जात होता, पण मोबाईलवर पाहिलं तर खात्यात काहीच जमा नव्हतं. ताई एकट्या गेल्या नाहीत. सोबतच्या दोघींना घेऊन, पगाराच्या पावत्या हातात धरून ठेकेदाराकडे गेल्या. पुढच्या महिन्यात मागच्यासकट रक्कम जमा झाली.