पेनीवरची दुहेरी तारीख: टांकसाळीची चूक की झीज?

अमेरिकेहून आलेल्या सुट्ट्या नाण्यांत तुम्हाला 1986 ची पेनी (एक सेंटचं नाणं) मिळाली, तारीख दुहेरी दिसते, त्यावरच्या 'लिबर्टी' शब्दातली दोन अक्षरं पुसट आहेत, आणि हे एरर नाणं, म्हणजे टांकसाळीत चुकून तसं पडलेलं, आहे का, असं तुम्ही विचारलंय. बहुधा नाही. पण दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासा.

आधी तारीख. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, उजेड बाजूने तिरका येऊ द्या. दुसरा आकडा सपाट, पायरीसारखा खाली असेल आणि त्याने मूळ आकड्याचीच जाडी खाल्ली असेल, तर ठोका पडल्यावर सैल डाय (नाण्यावर छाप उठवणारा ठसा) घसरलीय. अशी नाणी ढिगाने मिळतात, जादा दाम कोणी देत नाही. खऱ्या डबल डायमध्ये आकृती डायवरच दोनदा उमटलेली असते. आकडे गोलसर, उठावदार, एकूण रुंद, टोकांना खाच. फिलाडेल्फिया टांकसाळीच्या 1955 च्या प्रसिद्ध पेनीवर हे भिंगाशिवायही दिसतं.

तुमच्या पेनीत आणखी एक भानगड आहे. 1982 मध्ये 95 टक्के तांबं जाऊन आत जस्त आणि वर तांब्याचा पातळ मुलामा आला, वजन 3.11 ग्रॅमवरून 2.5 वर उतरलं. ठोक्याच्या ताणाने हा मुलामा आकड्यांच्या कडेला फाटतो, आतलं जस्त चंदेरी रेघेसारखं डोकावतं आणि लोकांना ती दुसरी तारीख वाटते. मला तुमच्याही नाण्यात हाच संशय येतो.

आता अक्षरं. झीज उंच भागांवर आधी होते, म्हणून नाण्यावरच्या लिंकनच्या गालाचं हाड, जबडा आणि कानावरचे केस बघा. तेही गुळगुळीत असतील तर नाणं खिशाखिशांतून फिरून झिजलंय, विषय संपला. केस ठसठशीत आणि दोनच अक्षरं गायब असतील तर डायच्या खाचेत ग्रीस साचलं होतं. ही चूक टांकसाळीचीच, तरी किंमत किरकोळ. 1922 ची 'डी' (तारखेखालची डेन्व्हर टांकसाळीची खूण) नसलेली पेनी मात्र वेगळी: त्या वर्षी पेन्या फक्त डेन्व्हरला पाडल्या गेल्या, म्हणजे 'डी' हवाच होता. तिला भाव आहे, म्हणून 'डी' खरवडून काढणारेही आहेत. तारखेखाली ओरखडे शोधा.

आणि कृपा करून चिंच लावून घासू नका. मुलामा पातळ असतो, आणि घासलेली गुलाबी चमक जाणकाराला लगेच कळते. तिरक्या उजेडातला तारखेचा फोटो टाका, मग नक्की सांगतो.