केमो चालू असताना माळकरी आईची एकादशी, तीर्थ-प्रसाद आणि देवदर्शन कसं सांभाळावं?

तुम्ही लिहिलंय की आईंना स्तनाच्या कॅन्सरसाठी दर २१ दिवसांनी केमो आहे, आधी लाल औषधाचे (डॉक्सोरुबिसिन किंवा एपिरुबिसिन) चार डोस, मग पॅक्लिटॅक्सेल, पुढे ऑपरेशन आणि रेडिएशन. त्या एकादशी, तुळस, देऊळ काहीच सोडायला तयार नाहीत आणि डॉक्टर नुसतं 'जपा' म्हणतात. माझं मत स्पष्ट आहे: काहीही सोडायला लावू नका. कोणती गोष्ट कोणत्या दिवशी आणि कशी करायची एवढंच बदला.

भिंतीवरचं कॅलेंडर घ्या. डोस ज्या दिवशी चढवला तो पहिला दिवस. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. त्या आठवड्यावर लाल खूण करा आणि एकादशी, सप्ताह, घरचं कार्य कुठे पडतंय ते बघा. रक्ताचा रिपोर्ट आला की एकूण पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिलच्या (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) टक्क्यांनी गुणायचं. पेशी १८०० आणि न्यूट्रोफिल ३० टक्के असतील, तर आकडा ५४०. हजाराच्या खाली असेल तर गर्दी आणि बाहेरचं खाणं बंद, ५०० च्या खाली फार जपायचं.

ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला की अंगारा लावून, पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी फाइल घेऊन हॉस्पिटल गाठायचं. पेशी खाली असताना अँटिबायोटिक पहिल्या तासाभरात सुरू व्हावं लागतं आणि पॅरासिटामॉलने ताप नुसता झाकला जातो. अंगारा लावायचा असेल तर गाडीत लावा.

आता एकादशी. लाल औषधासोबत बहुधा सायक्लोफॉस्फामाइड असतं. ते लघवीवाटे बाहेर पडताना मूत्राशयाला आतून त्रास देतं, म्हणून डोसच्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस दोन ते अडीच लिटर पाणी लागतं (हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच). निर्जळी या दिवसांत नाहीच. उलटीसाठी डेक्सामेथासोनच्या गोळ्या असतील तर त्या काहीतरी खाऊनच घ्यायच्या. आई मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असतील तर उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. डेक्सामेथासोनने साखर चढते, आणि उपाशीपोटी मधुमेहाच्या औषधाने ती एकदम उतरू शकते.

बाकी एकादशांना फराळ चालेल, पण साबुदाण्याची खिचडी नको. साबुदाण्यात प्रथिनं आणि चोथा जवळपास नाही, उलटी थांबवणाऱ्या ऑन्डान्सेट्रॉनने आधीच बद्धकोष्ठता झालेली असते, आणि तोंड आलं असेल तर हिरवी मिरची व शेंगदाण्याचं जाडसर कूट आग लावतं. त्यापेक्षा दुधात शिजवलेली राजगिऱ्याची खीर, मऊ वरीचे तांदूळ आणि उकळलेल्या दुधाचं घरचं ताजं दही, उकडलेलं रताळं कुस्करून द्या. दर दोन तासांनी थोडं थोडं. एकादशीही पाळली जाते आणि वजनही टिकतं.

तुळशीचं पान नैवेद्यावर ठेवा. लाल खुणेच्या आठवड्यात ते कच्चं खाण्याऐवजी पाण्यात उकळून ते पाणी द्या. तुळशीचा अर्क, हळदीच्या कॅप्सूल, कुणी 'बाबांनी दिलेलं' भस्म किंवा पुडी मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पोटात जाऊ द्यायची नाही. काही भस्मांत शिसं, पारा असतो. यकृताचे आकडे वाढले की पुढचा डोस लांबतो, आणि कारण मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. भाजी-आमटीतल्या हळदीला हरकत नाही.

देवळातलं तीर्थ आणि कच्च्या दुधाचं पंचामृत लाल खुणेच्या आठवड्यात डोळ्यांना, कपाळाला लावायचं, प्यायचं नाही. घरी उकळून गार केलेल्या दुधाचं करता येतं. प्रसादात खडीसाखर, बत्तासे किंवा घरी सोलायचं केळं बरं. खव्याचे पेढे आणि कापून ठेवलेली फळं टाळा. पंढरपूरला न्यायचं असेल तर डोसनंतरचा तिसरा आठवडा निवडा, आषाढी-कार्तिकी सोडून, सुट्टी नसलेल्या दिवशी. पदस्पर्शाच्या रांगेत ताटकळण्यापेक्षा मुखदर्शन घ्या. औषध चढवण्यासाठी त्वचेखाली बसवलेलं पोर्ट किंवा हातात पिक लाइन (शिरेत घातलेली नळी) असेल, कुठे जखम असेल, तर चंद्रभागेत स्नान नको.

पॅक्लिटॅक्सेल सुरू झालं की पायांची बोटं बधिर होऊ शकतात. तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घातली तर चटका बसल्याचं कळतही नाही, म्हणून जाड मोजे घालायचे आणि रात्री तळवे तपासायचे. आणखी एक: सॅनिटायझर लावलेला हात पूर्ण वाळल्याशिवाय निरांजन लावू देऊ नका. अगरबत्तीच्या वासाने मळमळत असेल तर तेलाचा दिवा पुरे.

हे सगळं तुम्ही सांगाल तर आई ऐकणार नाहीत, हे गृहीत धरा. ज्यांच्या हातून माळ घातली ते महाराज किंवा फडावरचे जाणते कुणी असतील, त्यांना फोन करा आणि त्यांच्या तोंडून सांगू द्या. आजारात व्रत सैल करायला वारकरी मंडळी सहसा आडकाठी करत नाहीत, आणि नामाला तर वेळ-काळाचं, सोवळ्याचं बंधनच नाही. डोस चढायला काही तास लागतात. त्या वेळात इयरफोनवर हरिपाठ लावला तर भीतीकडे लक्ष कमी जातं. भजनी मंडळातल्या बायका भेटायला आल्या तर एका वेळी दोघी, खोकला-सर्दी असलेली एकही नको. 'मागच्या जन्मीचे भोग' म्हणणारीला दारातूनच चहा पाजून वाटेला लावा, यात उद्धटपणा काही नाही.

मात्र नामस्मरण आपणहून थांबलं, 'देवाने पाठ फिरवली' असं सारखं येऊ लागलं, दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, तर ते श्रद्धेवर सोडू नका. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात किंवा समुपदेशकाकडे न्या. नैराश्यावर औषध आहे.

ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या तर त्या हाताला गंडा, दोरा, घट्ट बांगड्या नकोत. हात सुजू शकतो, दोरा दुसऱ्या हाताला बांधा. रेडिएशनच्या जागेवर बुक्का, गंध, हळद, अंगारा लावायचा नाही आणि त्वचेवर काढलेल्या खुणा घासायच्या नाहीत. गळ्याच्या खालचा भागही किरणांत येत असेल तर तुळशीची माळ त्वचेला घासते, आणि टेबलावर ती काढावी लागेल. आयत्या वेळी काढायला सांगितलं की माळकरी माणसाला ते फार लागतं. म्हणून मापं घ्यायच्या दिवशीच टेक्निशियनला विचारा, आणि तेवढी मिनिटं माळ स्वच्छ रुमालात तुमच्या हातात राहील, असं आईंना आधी सांगून ठेवा.