सिनेमाचा ‘खेळ’ आणि नाटकाचा ‘प्रयोग’

प्रश्न असा आला आहे: “आमच्या आजी ‘सहाच्या खेळाला गेलो होतो’ असं म्हणतात. नाटकाचा मात्र कायम ‘प्रयोग’. नाटकात माणसं दर वेळी नव्याने काही करून बघतात म्हणून ‘प्रयोग’, आणि सिनेमा नुसतीच करमणूक म्हणून ‘खेळ’, असं मी कुठेतरी वाचलं. हे खरं आहे का? आणि आज ‘शो’ऐवजी ‘खेळ’ लिहिलं तर चालेल का?”

आधी त्या स्पष्टीकरणाबद्दल. ते ऐकायला छान वाटतं, पण टिकत नाही. सिनेमा जन्माला यायच्या कितीतरी आधी मराठीत नाटकाचाही ‘खेळ’च होत होता. मराठी रंगभूमीचा इतिहास सांगताना सांगलीची गोष्ट हमखास येते. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धनांनी पाहिले आणि विष्णुदास भाव्यांना मराठीत तसं काही बसवायला सांगितलं. त्यातून १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ उभं राहिलं. या हकिगतीत ‘भागवत मंडळींचे खेळ’ हेच शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. भाव्यांची मंडळी गावोगाव फिरली, १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात गेली, तेव्हाही ती खेळच करत होती. दशावताराचा खेळ, कळसूत्री बाहुल्यांचा खेळ, गारुड्याचा खेळ, सर्कशीचा खेळ आणि नाटकाचा खेळ ही सगळी एकाच घरातली भावंडं. लोकांना जमवून त्यांच्यासमोर जे करून दाखवायचं, तो खेळ. त्यात हलकेपणाचा लवलेश नव्हता.

म्हणजे वेगळं नाव शोधून घेतलं ते नाटकाने. सिनेमाने घरात होतं तेच वापरलं.

‘प्रयोग’ हा संस्कृत नाट्यशास्त्रातला शब्द. ‘शाकुंतला’च्या प्रस्तावनेत सूत्रधार म्हणतो, “आ परितोषाद्विदुषां न साधु मन्ये प्रयोगविज्ञानम्” – जाणकारांचं समाधान होईपर्यंत प्रयोगाचं कसब मी चांगलं मानत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचं संगीत शाकुंतल ३१ ऑक्टोबर १८८० रोजी आपल्या पुण्यात, बुधवारातल्या आनंदोद्भव नाट्यगृहात झालं. शिकलेला, संस्कृत जाणणारा वर्ग नाटकाकडे ओढला गेला तो या वळणावर, आणि ‘प्रयोग’ या शब्दाला प्रतिष्ठा मिळाली तीही याच वर्गाकडून, असं माझं मत आहे. हा बदल एका दिवसात झाला नाही. ‘खेळ’ आणि ‘प्रयोग’ बराच काळ शेजारी शेजारी नांदले. पुढे नाटकवाल्यांनी ‘प्रयोग’ घट्ट धरला आणि ‘खेळ’ हळूहळू सुटला. तमाशाच्या फडाने मात्र तो सोडला नाही.

आता मुंबईकडे येऊ, कारण सिनेमाची भाषा तिथे घडली आणि मग घाट चढून पुण्यात आली.

७ जुलै १८९६. काळ्या घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल. हलती चित्रं दाखवणारं यंत्र बनवणाऱ्या फ्रान्समधल्या ल्युमिएर बंधूंचा माणूस मारियुस सेस्तिए ते यंत्र घेऊन आला होता. तिकीट १ रुपया, त्या काळी भरभक्कम रक्कम. एकूण सहा चित्रफिती, प्रत्येक जेमतेम मिनिटभराची. स्टेशनात शिरणारी आगगाडी, समुद्रातलं स्नान, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार, असले विषय. इथे थोडं थांबून वेळा पाहा, कारण आपल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यांत आहे. त्या संध्याकाळी ही चित्रं दाखवली गेली ६ वाजता, ७ वाजता, ९ वाजता आणि १० वाजता. तोच कार्यक्रम, जसाच्या तसा, एकाच संध्याकाळी चारदा.

नाटकाला हे कधीच शक्य नव्हतं. संगीत नाटक रात्री सुरू व्हायचं आणि पदांना वन्स मोअर मिळत गेले की उजाडायला यायचं. एका रात्री एक खेळ. ‘आज खेळ आहे’ एवढं म्हटलं की पुरे, कितीचा ते विचारायची गरजच नसे. यंत्र आलं आणि एका संध्याकाळचे तीन-चार खेळ झाले. आता ते एकमेकांपासून ओळखायचे कसे? घड्याळाने. ‘सहाचा खेळ’, ‘नऊचा खेळ’ ही रचना सिनेमाने मराठीला दिली, असं मी ठामपणे म्हणेन. शब्द जुना, त्याला घड्याळ जोडलं सिनेमाने.

वॉटसनमधून ही चित्रं आठवड्याभरात नॉव्हेल्टी थिएटरात गेली. नॉव्हेल्टी हे नाटकाचं थिएटर. सिनेमा स्वतःचं घर बांधून आला नाही, नाटकाच्या घरात बिऱ्हाडकरू म्हणून शिरला. त्यामुळे घरातली भांडीकुंडीही त्याने नाटकाचीच वापरली: थिएटर, पिट, बाल्कनी, मध्यंतर, पडदा. नाटकाचा पडदा म्हणजे राजवाडा नाहीतर जंगल रंगवलेलं कापड, ते वर गेलं की पुढचा प्रवेश. सिनेमाचा पडदा कोरा, आणि सगळं त्याच्यावरच घडतं. काम पार बदललं तरी नाव राहिलं. ‘खेळ’ही असाच राहिला.

त्याला दुसरंही एक भक्कम कारण होतं. सुरुवातीच्या काळात तिकीट काढून लोक नुसता चित्रपट पाहायला जातच नव्हते. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. त्याच्या जाहिरातीत आणखी काय काय होतं? मिस आयरीन डेलमार यांचं गाणं-नृत्य, मॅक्लेमेंट्स यांचा विनोदी प्रवेश, पायांनी वस्तू झेलून दाखवणारा अलेक्झांडर आणि ‘टिप-टॉप’ विनोदी चित्रं. हरिश्चंद्र, तारामती आणि रोहिदास यांच्या पंगतीला हे सगळे! फाळक्यांचा चित्रपट सुमारे ३,७०० फुटांचा. एका फुटात १६ चित्रं, आणि तेव्हाच्या चालीने सेकंदाला साधारण तेवढीच पडद्यावरून सरकत. म्हणजे सेकंदाला एक फूट, आणि सगळा चित्रपट तासाभरात संपला. रात्रभराच्या नाटकाची सवय असलेल्या प्रेक्षकाला तासाभरात घरी कसं पाठवणार? म्हणून नाच, नकला, कसरती. या सगळ्या जुळणीला मिळून ‘खेळ’ हाच शब्द शोभत होता. चित्रपट हा त्या खेळातला एक भाग होता, मोठा आणि नवलाचा.

यंत्रही खेळात भर घालायचं. ते हाताने फिरवायचं. एक रीळ हजारेक फुटांचं, म्हणजे पंधरा-सतरा मिनिटांचं. यंत्र एकच असेल तर रीळ संपलं की दिवे लागत. ऑपरेटर दुसरं रीळ चढवी, फीत दातऱ्यांत बसवी आणि पुन्हा अंधार. मधल्या वेळात पेटी-तबला चालू, सोडा-लेमनवाल्याची आरोळी चालू. चित्रं तेव्हा मुकी, मजकुराच्या पाट्या मधेमधे पडद्यावर येत; त्या वाचता येणारा एखादा मोठ्याने वाचून शेजाऱ्यांना सांगे. हे असं सगळं भोवती चाललेलं असताना कोणाच्या तोंडी ‘खेळ’ येणार नाही?

पुण्यात कायमचं सिनेमागृह आलं ते १९१५ साली, मंडईजवळचं बापूसाहेब पाठकांचं ‘आर्यन’. १९८३ साली ते पाडलं, तिथे वाहनतळ झाला, आणि मंडईत गाडी लावणारे आजही ‘आर्यनला लावली’ असंच सांगतात. सिनेमा नाटकाच्या घरात शिरल्याचा पुरावा पुण्यातही पाट्यांवर होता. लक्ष्मी रस्त्यावरच्या ‘विजय’ टॉकीजचं पूर्वीचं नाव ‘लिमये नाट्यचित्र मंदिर’. नाट्य आणि चित्र एकाच दारातून. ‘टॉकीज’ ही पाटी अर्थात १९३१ नंतरची. त्या वर्षी १४ मार्चला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, चित्रं बोलू लागली आणि बोलपटाचं नाव इमारतीलाच चिकटलं. गंमत म्हणजे चित्रपट बोलका झाला, लांब झाला, नाच-नकलांची गरज संपली, तरी ‘खेळ’ गेला नाही. वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींत ‘रोज ३ खेळ – ३, ६, ९’ हे पुढे अनेक दशकं छापलं जात होतं.

‘लागणे’बद्दलही दोन शब्द, कारण तो याच कुळातला. नाटक कंपनीच्या पोतडीत पाच-सात नाटकं असत. आज कुठला खेळ ‘लावायचा’ हे मालक ठरवी. मालकाने लावला म्हणून प्रेक्षकाच्या दृष्टीने तो ‘लागला’. आज पुण्यातल्या प्रभात टॉकीजबद्दल ‘प्रभातला कुठला लागलाय?’ असं विचारण्याची सोय राहिली नाही, पण ‘नवा सिनेमा लागलाय’ हे पोरंसोरंही म्हणतात.

मोजण्याच्या पद्धतीतही फरक दिसतो. नाटकाचा शंभरावा, पाचशेवा प्रयोग साजरा होतो. सिनेमाचे खेळ कोणी मोजत नाही, आठवडे मोजतात. ‘संत तुकाराम’ मुंबईच्या सेंट्रलमध्ये ५७ आठवडे चालला हे सगळ्यांना ठाऊक आहे, खेळ किती झाले ते कोणी सांगत नाही. नाटकाचा प्रत्येक प्रयोग वेगळा उतरतो, म्हणून त्याला क्रमांक. सिनेमाचा सहाचा खेळ आणि नऊचा खेळ सारखाच, म्हणून त्याला फक्त वेळ. प्रश्नकर्त्यांनी वाचलेल्या स्पष्टीकरणात खऱ्याचा अंश असेलच तर तो इथे आहे. पण तो शब्द रुळल्यानंतरच्या वापरात आहे, शब्दाच्या उगमात नाही.

आता शेवटचा प्रश्न: आज लिहावं का? अवश्य लिहावं. फक्त शब्दाचा स्वभाव ओळखून. वेळ सांगायची असेल तर ‘खेळ’ सर्वांत चोख बसतो: ‘सहाचा खेळ’, ‘शेवटचा खेळ’, ‘मुलांसाठी विशेष खेळ’. ‘सहा वाजताचा शो’ यात तीन शब्दांनी जे होतं ते इथे दोनांत होतं. ‘चित्रपटाचा प्रयोग’ मी लिहिणार नाही, आणि नाटकासाठी ‘शुभारंभाचा प्रयोग’ रूढ आहे तो तसाच राहू द्यावा. सिनेमासाठी ‘पहिला खेळ’ पुरेसा आहे. एक सांभाळायचं: विभक्ती नीट लावा. ‘खेळाला गेलो’ म्हणजे सिनेमाला, ‘खेळायला गेलो’ म्हणजे मैदानावर.