क्लाइंबिंग करताना पडून मणक्याला मार लागला, ऑपरेशन झालं, पण पाय अजून नीट हलत नाहीत. पुन्हा चालता येईल का?

आधी एक समजून घ्या: हाड जुळणं आणि नस सावरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हाड साधारण ३ महिन्यांत धरतं. मज्जारज्जूला (मणक्यातून जाणाऱ्या मुख्य नसेला) मात्र तसं वेळापत्रक नसतं. सुधारणा बहुधा पहिल्या ६ महिन्यांत सर्वात वेगाने होते, पुढे वर्ष-दीड वर्ष हळूहळू चालू राहते.

डॉक्टरांना थेट विचारा, इजा पूर्ण आहे की अपूर्ण? गुदद्वाराभोवती स्पर्श कळत असेल किंवा तिथला स्नायू आवळता येत असेल, तर इजा अपूर्ण असते आणि आशेला चांगली जागा असते. सुरुवातीच्या दिवसांत ‘स्पायनल शॉक’मुळे (इजेनंतर मज्जारज्जूचं काम तात्पुरतं थांबल्यामुळे) सगळंच बंद पडल्यासारखं वाटतं, म्हणून तेव्हाच्या तपासणीवरून कायमचा निष्कर्ष काढू नका.

फिजिओथेरपी चुकवू नका. उठताना कंबर पिळू नका. खांदे आणि कंबर एकत्र वळवून कुशीवर या, पाय खाली सोडा, मग हाताच्या जोरावर बसा. पायाला संवेदना कमी असेल तर दर २ तासांनी कूस बदला आणि टाचा, माकडहाड रोज आरशात बघा. बेडसोरमुळे (एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेमुळे) कित्येक महिन्यांची मेहनत वाया जाते, आणि तो टाळता येतो हो!

लघवी अडली, जांघेत नवीन बधिरपणा आला किंवा पायातली ताकद अचानक कमी झाली, तर तातडीने हॉस्पिटल गाठा.