फायबरच्या होडीतले कुजलेले लाकूड

प्रश्न : उजनी जलाशयात आम्ही फायबरची जुनी होडी चालवतो. इंजिन बसते ती मागची फळी हलू लागली आहे आणि बोल्टच्या भोकांतून तपकिरी पाणी झिरपते. वरून फायबरचा नवा थर दिल्यास भागेल का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : भागणार नाही. दुरुस्ती होईपर्यंत या होडीतून कृपया कोणालाही नेऊ नका. तपकिरी पाण्याचा अर्थ आतले प्लायवूड कुजले आहे. वरून थर दिल्यास ओल आतच कोंडेल. फळीवर लहान हातोडीने ठोकत जा. जिथे टणत्काराऐवजी बद्द आवाज येतो, तिथवर कूज पोहोचली आहे असे समजा.

बाहेरचे कवच शाबूत ठेवून आतल्या बाजूचे फायबर कापा आणि कोरडे, घट्ट लाकूड लागेपर्यंत सगळा भुगा काढा. नवे प्लायवूड आयएस ७१० प्रतीचे (म्हणजे पाण्यात टिकणारे, मरीन) घ्या, त्याच्या कडांना इपॉक्सी (दोन घटक कालवल्यावर कडक होणारे रेझिन) पाजा आणि जोडाच्या कडा उतरत्या घासून त्यावर विणलेले काचकापड इपॉक्सीनेच चढवा, कारण फायबरच्या कामात एरवी वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन लाकडाला आणि जुन्या फायबरला तितके घट्ट धरत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात इपॉक्सी भांड्यातच तापून आळते, म्हणून सकाळी लवकर आणि थोडे थोडेच कालवा. घासताना मास्क हवाच.

बोल्टची भोके मात्र घाईने उरकू नका, कारण ओल बहुधा तिथूनच शिरते. भोक आधी मोठे पाडून इपॉक्सीने भरा आणि ते कडक झाल्यावर त्यातूनच बोल्टच्या मापाचे भोक पाडा, म्हणजे पाण्याचा लाकडाशी संबंधच येणार नाही.