कॉन्व्हेंटमधला खरोखर अंगावर येणारा भयपट कोणता?

‘द नन’ बघताना चार-पाच वेळा दचकलात, पण घरी येऊन शांत झोपलात, म्हणून खरी भीती वाटेल असा सिनेमा विचारताय. मी एकच नाव सांगेन : येझी कावालेरोविच यांचा १९६१ चा पोलिश कृष्णधवल सिनेमा, ‘मदर जोन ऑफ द एंजल्स’. त्याच वर्षी कान महोत्सवात त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला होता.

ओसाड माळावर मठ, समोर सराई आणि मधे एक जळका खांब. आधीच्या पाद्र्याला तिथेच जिवंत जाळलेलं. मठातल्या नन्सना भूतबाधा झालीय, ती उतरवायला फादर सुरिन येतो. त्याची वाट त्या खांबावरूनच जाते.

सैतान कुठेच दिसत नाही. दिसतात पांढऱ्याशुभ्र झग्यातल्या बायका. माळ्यावर झगे वाळत घातलेत आणि त्या कपड्यांच्या अल्याड-पल्याड पाद्री नि मठाची प्रमुख मदर जोन स्वतःला चाबकाने फोडून काढतायत, हा प्रसंग मी कित्येक वर्षं विसरू शकलेलो नाही. पुढे जोन कबूल करते, की संत होता येणार नसेल तर ही बाधाच बरी, चारचौघींसारखी नन होऊन जगणं नको. मला भीती वाटली ती इथे. आपल्याकडे घरात तोंड न उघडणारी बाई अंगात आलं की सासऱ्यालाही आज्ञा देते आणि तो हात जोडतो. ते पाहिलेल्या माणसाला जोन लगेच कळेल.

मूळ घटना फ्रान्समधल्या लूदाँची. १६३४ मध्ये उर्बें ग्रांदिए या पाद्र्याला तिथे जाळलं. भूत उतरवायचे विधी लोकांसमोर चालत, बघायला झुंबड उडे. खरी मदर पुढे हातावर उमटलेली पवित्र नावं दाखवत फ्रान्सभर फिरली. केन रसेल यांचा ‘द डेव्हिल्स’ (१९७१) याच प्रकरणावर आहे. तो फार भडक आहे, नंतर बघा.

आणि एक, सुरिन हतबल होऊन ज्यू रब्बीकडे, म्हणजे ज्यूंच्या धर्मगुरूकडे, सल्ला मागायला जातो, तिथे मोबाइल बाजूला ठेवा. पाद्री आणि रब्बी, दोन्ही भूमिका एकाच नटाने, म्येचिस्वाव व्होइटने केल्यात. मला पहिल्या खेपेला ते कळलंच नव्हतं. फक्त समोरासमोर बसलेल्या त्या दोघांकडे बघताना पोटात गोळा आला होता.