पावसाळी बॅच: औषधाआधी तूस बघा

जुलै लागला की मुंबईतल्या आमच्या कार्यालयात चिकनसाठीच्या ब्रॉयलर कोंबड्या पाळणाऱ्यांचे फोन वाढतात. या खेपेचे तीन प्रश्न घेतले आहेत. पहिल्यावर जरा सविस्तर लिहितो, कारण पावसाळ्यातल्या निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच असतं.

गोराईहून प्रश्न: आठशे पक्षी, वय २४ दिवस. विष्ठेत रक्त दिसतं, पक्षी पिसं फुलवून कोपऱ्यात बसतात, रोज पाच-सहा मरतात. पाऊस आत येतो म्हणून शेडचे पडदे पूर्ण खाली सोडलेत. दुकानदाराच्या सांगण्यावरून अँटिबायोटिक आणि बी-कॉम्प्लेक्स पाण्यातून दिलं, जमिनीवर चुनाही मारला. फरक नाही.

लक्षणं रक्ती हगवणीची आहेत. ती आयमेरिया नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होते, जिवाणूमुळे नाही. म्हणून नेहमीच्या अँटिबायोटिकने फरक पडला नाही. यावर अँप्रोलियम किंवा टॉलट्राझुरिल चालतं, मात्रा जवळच्या पशुवैद्यकाकडून ठरवून घ्या. अँप्रोलियम देणार असाल तर बी-कॉम्प्लेक्स आधी बंद करा. या परजीवीला वाढायला बी-१ जीवनसत्त्व लागतं आणि अँप्रोलियम नेमकी त्याचीच वाट अडवतं. एका हाताने औषध आणि दुसऱ्या हाताने बी-१ पाजलं तर औषधाचे पैसे पाण्यात. जीवनसत्त्वं कोर्स संपल्यावर द्या.

पण नुसत्या औषधाने ही बॅच सावरणार नाही. विष्ठेतून पडणारी परजीवीची अंडी पडल्या पडल्या रोग देत नाहीत. ओल, ऊब आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ती तयार होतात, मग पक्षी तीच टिपून खातो. मुंबईच्या पावसाळ्यात ऊब आणि दमट हवा फुकटच मिळते, तुमच्या हातात राहते ती फक्त शेडमध्ये पक्ष्यांखाली अंथरलेल्या तुसाची ओल. तुसात २० ते २५ टक्के ओलावा ठीक. मोजायला यंत्र नको: ड्रिंकरपासून (पाण्याच्या भांड्यापासून) हातभर लांबचं मूठभर तूस घट्ट दाबा आणि मूठ उघडा. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे. किंचित जमून लगेच भुगा झाला तर बरोबर. अजिबात न जमता धूळच उडाली तर फार कोरडं, त्याने श्वासाचा त्रास होतो.

ड्रिंकरखाली पापडासारखं थापलेलं तूस उलथत बसू नका, ते उचलून शेडबाहेर टाका आणि तिथे नवं कोरडं तूस पसरा. बेल ड्रिंकरची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला हवी. पक्षी वाढतात तशी ती वर घ्यावी लागते, आणि नेमकं हेच राहून जातं.

चुन्याबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही. रिकाम्या शेडमध्ये जरूर मारा. पण पक्षी असताना ओल्या तुसावर चुना टाकला की तुसाचा अल्कलीपणा वाढतो आणि अमोनिया जास्त सुटतो. वर पडदे बंद, म्हणजे तो जाणार कुठे? अमोनियाने श्वासनलिकेचं आतलं अस्तर दुखावतं, मग ई-कोलाय जिवाणू आत शिरतो, आणि मेलेला पक्षी उघडला की हृदयावर, यकृतावर पांढरट पापुद्रा दिसतो. पडद्याचा वरचा हातभर भाग दिवसरात्र उघडा ठेवा. पाऊस आत येतो तो बहुतेक छपराची वळचण आखूड म्हणून, तेव्हा ती वाढवा. वासाची परीक्षा मात्र स्वतःच्या नाकाने करू नका, ते सरावलेलं असतं. बाहेरच्या माणसाला आत न्या आणि पक्ष्यांच्या उंचीला वाकायला सांगा. त्याचे डोळे चुरचुरले तर समजा.

मुरबाडहून प्रश्न: गंबोरो या विषाणूजन्य रोगाची लस चौदाव्या दिवशी पाजली, तरी चौथ्या आठवड्यात गंबोरोनेच मर आली. लस खराब होती का?

असेलही, पण आधी पाणी तपासा. क्लोरीन घातलेल्या पाण्यात लस मरते. लशीच्या आदल्या दिवसापासून पाण्यात क्लोरीन किंवा जंतुनाशक नको, आणि लशीच्या पाण्यात लिटरला अडीच ग्रॅम साय काढलेली दूधपावडर मिसळा. पक्ष्यांना आधी तासभर तहान लागू द्या, म्हणजे दोन तासांत सगळं पाणी संपतं. सगळ्यांना पोचलं का, हे उभं राहून बघावं लागतं. दुसरी शक्यता अशी की पिल्लांमध्ये आईकडून आलेली प्रतिकारद्रव्यं तेव्हा जास्त होती आणि त्यांनीच लस निकामी केली. तारीख हॅचरीशी बोलून ठरवावी.

तिसरं कारण खाद्यात असू शकतं. दमट मक्यावर बुरशी धरली की अफ्लाटॉक्सिन तयार होतं. ते यकृत पिवळट, ठिसूळ करतं आणि प्रतिकारशक्ती खचवतं, मग चांगली लसही नीट लागत नाही. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर लांब रचा. कंपनीचं खाद्य असेल तर कुबट वासाचं पोतं सुपरवायझरला दाखवून परत करा, संकोच नको.

कुर्ल्यात चिकनचं दुकान आणि टिटवाळ्याला शेड असलेल्या भाऊंचा प्रश्न: गिऱ्हाईक म्हणतं, हार्मोनची इंजेक्शनं देऊन कोंबडी फुगवता. काय सांगू?

सांगा की हजारो पक्ष्यांना रोज टोचत बसणं परवडणारच नाही. वाढीचं हार्मोन प्रथिन असतं, खाद्यातून दिलं तर पोटात पचून जातं. वाढ आहे ती वाणाची. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने १९५७ आणि १९७८ चे जपून ठेवलेले वाण आणि २००५ चा ब्रॉयलर एकाच खाद्यावर वाढवले. ५६ व्या दिवशी सरासरी वजनं भरली ९०५, १८०८ आणि ४२०२ ग्रॅम. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. एवढ्या वेगाने वाढणाऱ्या शरीराला हृदय-फुप्फुसं कधीकधी पुरत नाहीत आणि पोटात पाणी भरतं. कोंदट शेडमध्ये हे जास्त होतं.

अँटिबायोटिकची शंका गिऱ्हाइकाने काढली तर ती उडवून लावू नका, तिच्यात तथ्य आहे. कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर खाद्यप्राण्यांसाठी २०१९ पासून देशात बंदी आहे, जुनी बाटली सापडली तरी वापरू नका. इतर औषधं बंद केल्यावर लेबलवर लिहिलेले थांबायचे दिवस पुरे झाल्याशिवाय पक्षी गाडीत चढवू नका, भाव कितीही चढलेला असो.

निदानासाठी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नमुना न्यायचा असेल तर नुकताच मेलेला पक्षी पिशवीत बांधून बर्फावर न्या, गोठवू नका. एका-दोन दिवसांत अचानक खूप पक्षी मेले, तुरे निळे पडले, तोंडं सुजली, तर मात्र पक्षी उघडूही नका आणि हलवूही नका. हा बर्ड फ्लू असू शकतो, २००६ मध्ये नवापूरला तो निघाला होता. शेडला कुलूप लावा, कामगारांना दुसऱ्या शेडवर पाठवू नका आणि लगेच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.